उघाडी

महापे. रात्रपाळी. टेबलावर काचेची दोन भांडी
एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्या मधोमध
क्लॅम्पमध्ये आवळलेला आमचा पडदा, क्रमांक एकशे सतरा.
डावीकडे व्हॅनेडियमचं निळं.
उजवीकडे काही नाही,
म्हणजे आम्ल आहे, क्षार आहे, रंग तेवढा नाही.
माझं काम उजवीकडे बघत बसायचं.

सोमवारी ओतला होता हा, सपाट काचेवर,
काकवीसारखा रस, वरून पातं एकाच दमात ओढलेलं.
सुकेपर्यंत त्या खोलीत शिंकायचं नाही.
एकशे चारमध्ये गवतेच्या भुवईचा केस निघाला होता,
एकशे नऊला टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा.
सोहोनी सर काही बोलले नाहीत,
फक्त परदेशी पडद्याचं बिल काढून
पुन्हा एकदा घडी घालून ठेवलं.

मागच्या अंगणात दोन टाक्या आहेत, टँकरएवढ्या.
दिवसभर छपरावरचं ऊन त्यांत जिरतं,
तेव्हा एक पिवळी होते, दुसरी जांभळी.
रात्री वीज देता देता
पिवळी निळी पडते, जांभळी हिरवी.
धातू दोन्हीकडे एकच,
नुसता कमी-जास्त भुकेला.
मधून हायड्रोजनच्या बारक्या कणाला वाट हवी,
धातूला नको.
भिंत घातली तर दिवाच लागत नाही.

हे मी नानांना सांगितलं, घणसोलीत, जेवताना.
मला वाटलं, ऐकत नाहीयेत.
हात धुऊन आले आणि म्हणाले,
म्हणजे उघाडीच की गो.

नाना खारीच्या बांधावर उघाडी सांभाळायचे.
लाकडी झडप, वरच्या बाजूने टांगलेली.
भरतीला खाडीच रेटून ती बंद करायची,
ओहोटीला शेतातलं गोडं पाणी
आतून ढकलून बाहेर पडायचं.
कुणी हात लावायचा नाही.
खेकड्याने बांधाला बीळ पाडलं
की रात्रीत भात खारं,
मग कंदील घेऊन बीळ शोधत फिरायचं,
पायाच्या तळव्याने.
"पानी अडवाचा नसते," ते म्हणाले,
"पानी वलखाचा असते."
ती जमीन आता सेक्टर आहे. झडपेची फळी
आमच्या न्हाणीत, साबण ठेवायला.

पहाटे तीन चाळीस. उजवीकडे काही नाही.
परदेशी पडदा इथवर आला होता
आणि मग त्याच्या कडेला सकाळच्या दुधासारखी
निळसर झाक उतरली होती.
यंत्र आकडा सांगतंच, पण त्याआधी
डोळ्याला कळतं, आणि डोळ्यावर
कुणाचा विश्वास नसतो.

गवते चहा घेऊन आला. म्हणाला, आलं.
मी म्हटलं, नाही.
तो म्हणाला, मागे कागद धर.
धरला. पांढरा कागद, वजनकाट्याची पावती उलटी करून.
आता तो म्हणाला, नाही.
आणि मला वाटलं, आहे.

एक दिवस झिरपणारच, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे.
महिन्याला थोडं इकडचं तिकडे,
आणि टाकी मग पहाटेपर्यंत पुरत नाही,
पावणेचारलाच दमते.
पण विष होत नाही त्याचं, दोन्हीकडे एकच धातू.
दोन्ही टाक्या एकत्र करायच्या, ढवळायच्या,
परत वाटून द्यायच्या, परत उन्हाला लावायच्या.
नानांना हे सांगायचं राहिलंय.
खाऱ्या झालेल्या भाताला
असं कधी ढवळून परत आणता आलं नव्हतं.

पाच वाजता रजिस्टर उघडलं.
रकाना अरुंद आहे, "रंग: आहे / नाही",
एकाला गोल करायचा.
मी मधल्या रेघेवर पेन टेकवलं,
शाई थोडी पसरली कागदात,
आणि त्या ठिपक्याकडे बघत
गवतेला हाक मारली,
काच पूस, एकशे अठरा ओतू.